पंचनाम्याची मदत नेमकी कुठे अडते

मे-जूनमध्ये रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वादळ घुसलं की अर्ध्या तासात निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग आडवी होते. सप्टेंबरातला पाऊस लांबला की पारोळा-धरणगावकडे कापसाची बोंडं झाडावरच सडतात. चाळीसगावने ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर पाहिला. तेव्हा जनावरं, घरं, दुकानं आणि शेतं एकाच रात्रीत पाण्याखाली गेली. खान्देशात आपत्तीचं रूप दर काही कोसांवर बदलतं, पण नुकसानीची सरकारी मदत अडण्याची कारणं मात्र गावोगावी तीच. त्यातली बरीचशी कारणं आपत्ती येण्याच्या कितीतरी आधी कागदावर तयार झालेली असतात. पिकपेऱ्यात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीत, काय लिहिलं गेलं, आधारला कोणतं खाते जोडलेलं आहे, सातबाऱ्यावर वडलांचं नाव अजून तसंच आहे का, या गोष्टी वादळानंतर दुरुस्त करायला गेलं की महिने जातात.

आधी पैशांचा हिशेब स्पष्ट करून घेऊ, कारण अपेक्षा आणि प्रत्यक्ष रक्कम यांत फार अंतर असतं. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेले आणि राज्याने २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने लागू केलेले दर असे: कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००. पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के हवं आणि मर्यादा दोन हेक्टरची. ही मर्यादा खातेदारामागे आहे, गटामागे (जमिनीच्या एका क्रमांकाच्या तुकड्यामागे) नाही. तीन गटांत मिळून पाच हेक्टर बुडालं तरी मोजलं जातं दोनच. क्षेत्र अगदी थोडं असेल तर कोरडवाहूला १,०००, बागायतीला २,००० आणि बहुवार्षिकला २,५०० रुपयांपेक्षा कमी मदत देता येत नाही.

राज्य सरकार आपल्या तिजोरीतून यात वेळोवेळी भर घालतं आणि ती काढूनही घेतं. जानेवारी २०२४ च्या निर्णयाने हेच दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० झाले होते, मर्यादा तीन हेक्टर. मे २०२५ मध्ये ते परत जुन्यावर आले. त्याच वर्षीच्या खरिपातल्या अतिवृष्टीनंतर ऑक्टोबरात मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्या-खतासाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले. म्हणून शेजारच्याला मागच्या साली किती मिळाले यावरून आपला हिशेब करू नका. ज्या महिन्यात नुकसान झालं त्या महिन्यासाठीचा शासन निर्णय कोणता, एवढंच विचारा.

या पैशांतून नुकसान भरून निघत नाही. पुढच्या पेरणीचं बी-खत घेता यावं म्हणून दिलेलं ते अनुदान आहे. केळीचंच पाहा. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १,७४२ झाडं, हेक्टरी साधारण ४,३००. हेक्टरी २२,५०० म्हणजे झाडामागे सव्वापाच रुपये. यात टिश्यू रोपाचीसुद्धा किंमत निघत नाही; ठिबक, खत, मजुरी तर दूरच. ही रक्कम वाढली पाहिजे असं आमचं ठाम मत आहे. पण जी आहे ती तरी पूर्ण पदरात पडावी, आणि ती अर्धी होते बहुतेक वेळा एका रकान्यामुळे.

तो रकाना सिंचनाचा. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात ठिबकवर लावलेला बागायती कापूस मोठ्या प्रमाणात आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे फोनवरून पिकाची नोंद, करताना घाईत सिंचनाच्या ठिकाणी ‘अजलसिंचित’ (कोरडवाहू) निवडलं जातं, किंवा ज्याच्या हातात फोन आहे तो पोरगा पहिला पर्याय दाबून मोकळा होतो. चार एकर, म्हणजे १.६० हेक्टर कापूस असेल तर बागायती दराने २७,२०० रुपये होतात आणि कोरडवाहू दराने १३,६००. एका चुकीच्या बोटाने निम्मे पैसे गेले. नोंद केल्यावर ४८ तासांत ती स्वतःच दुरुस्त करता येते, त्यामुळे त्याच संध्याकाळी ती उघडून पुन्हा वाचा. विहीर किंवा कूपनलिका सातबाऱ्यावर चढलेली नसेल तर तो अर्ज आजच द्या. पाहणीत बागायत आणि सातबाऱ्यावर पाण्याचं साधनच नाही, असं असलं की यादी तपासताना बोट तिथेच अडतं. फोटो गटाच्या बांधाच्या आत उभं राहूनच काढा; अ‍ॅप ठिकाण तपासतं आणि घरी बसून केलेली नोंद स्वीकारत नाही. आंतरपीक असेल तर मुख्य पीक आणि आंतरपीक दोन्हींचं क्षेत्र भरा. कापसात मूग घेतलेला असताना नुसता मूग नोंदवला जाण्याचे प्रकार होतात. मूग निघाला की पेऱ्यात वावर रिकामं.

आता मदतीला नुकसानीचं कारण लागतं, आणि ते पंचनाम्यात नेमकं उतरलं पाहिजे. पूर, गारपीट, ढगफुटी, वीज, आग ही कारणं केंद्राच्या किंवा राज्याच्या यादीत आहेत. अवकाळी पाऊस आणि अतिवृष्टी राज्याच्या यादीत आहेत. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. घोळ होतो तो इथे. पर्जन्यमापक मंडळाच्या ठिकाणी, तुमचं गाव दहा-बारा किलोमीटरवर. सातपुड्याच्या डोंगरात ढग फुटला, सुकी आणि मोर नद्या भरून आल्या, खालच्या शिवारात पाणी शिरलं, पण मंडळात पाऊस नोंदला गेला वीस-पंचवीस मिलिमीटर. अशा वेळी ‘आमच्याकडे अतिवृष्टी झाली’ असा अर्ज दिला की उत्तर ठरलेलं: मंडळात ६५ मिलिमीटर नाही. अर्जात आणि पंचनाम्यात खरं घडलं ते लिहा: अमुक नदीच्या पुराचं पाणी गट क्रमांक अमुकमध्ये शिरलं, इतके तास साचून राहिलं. पुराला ६५ मिलिमीटरची अट नाही. मंडळाचा रोजचा पाऊस कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर दिसतो. ज्या दिवशी नुकसान झालं त्या दिवसाची नोंद त्याच वेळी उतरवून ठेवा.

वाऱ्याचंही तसंच. मे महिन्यातल्या वादळात बहुधा थोडा तरी पाऊस असतोच. पंचनाम्यात नुसतं ‘वाऱ्याने झाडे पडली’ असं लिहून गेलं की पुढे प्रश्न निघतो, कारण नुसता वारा राज्याच्या यादीत वेगळा नाही. वादळी वाऱ्यासह अवकाळी पाऊस झाला असेल तर तसं पूर्ण वाक्य आलं आहे ना, हे सही करण्याआधी पाहा.

पंचनाम्याला तिघं येतात: तलाठी आप्पा, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. मोठी आपत्ती असली की या तिघांवर हजारो गटांचा भार पडतो, आणि सगळे गट पायी फिरून होत नाहीत हे उघड आहे. म्हणून पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात गट क्रमांक, पीक, एकूण पेरा, बाधित क्षेत्र, नुकसानीची तारीख आणि कारण असू द्या. सोबत सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या गटांचा उतारा), आधार, शेतकरी ओळख क्रमांक (आधार आणि जमिनीच्या नोंदी जोडलेला सरकारी क्रमांक) आणि चार-सहा फोटो जोडा. फोटोत एक लांबून, बांध, विहीर किंवा विजेचा खांब अशी ओळखीची खूण दिसेल असा, बाकीचे जवळून. फोनमध्ये तारीख आणि ठिकाण फोटोवर उमटवणारं अ‍ॅप असतं, ते वापरा.

केळीच्या बागेत ३३ टक्क्यांचा वाद हमखास होतो, कारण बागेच्या कडेने पाहिलं तर सगळी पडलेली दिसते आणि आत शिरलं तर निम्मी उभी असते, किंवा उलट. घड आलेली झाडं जड असतात, ती आधी मोडतात. लहान बाग उभी राहते, फक्त पानं फाटतात, आणि फाटलेली पानं कोणी नुकसानीत धरत नाही. मोजायची सोपी पद्धत म्हणजे बागेत तीन ठिकाणं निवडा, कडेचं एक आणि आतली दोन. प्रत्येक ठिकाणी ओळीने १०० झाडं मोजा. खोडातून मोडलेली, मुळासकट उपटलेली आणि घड गळून पडलेली किती ते कागदावर लिहा. तीनही आकडे पथकापुढे ठेवले की चर्चा अंदाजावरून मोजणीवर येते.

पडलेली बाग लगेच साफ करायची घाई असते. कुजते, पुढच्या लागवडीची वेळ जाते, आणि पक्व घड व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देणं भागच असतं. घड विकून टाका, पण पावती ठेवा. खोडं मात्र पंचनामा होईपर्यंत जागेवर राहू द्या. थांबणं शक्यच नसेल तर सलग सात-आठ ओळी न हलवता ठेवा आणि बाकीचं साफ करण्याआधी चारही बांधांवरून चित्रफीत काढा.

काढून ठेवलेल्या मालाचं दुखणं वेगळं आहे. खळ्यावरची मका, घरातला कापूस, चाळीतला कांदा भिजला तर शेतपिकाच्या मदतीत तो बहुतेक वेळा बसत नाही. ही मदत उभ्या, पेरलेल्या क्षेत्रावर मोजली जाते. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळायला पसरलेली मिरची अवकाळी पावसात काळी पडते, तेव्हाही हीच अडचण. तिथली बरीचशी मिरची तोपर्यंत व्यापाऱ्याची झालेली असते, आणि त्याला शेतकरी म्हणून काही मिळत नाही. कापणी झाली असेल पण माल अजून वावरातच असेल, तर तो हलवण्याआधी पंचनामा मागा आणि ‘कापणी करून शेतात पडलेले पीक’ अशी नोंद लिहून घ्या.

पंचनामा लिहून झाल्यावर ‘बाधित क्षेत्र’ हा एक आकडा स्वतः वाचा. हेक्टर-आरच्या लिखाणात चूक सहज होते. एक हेक्टर वीस आर म्हणजे १.२०, एक हेक्टर दोन आर म्हणजे १.०२. घाईत १.२० चं १.०२ झालं तर १८ आर गेले. फळबागेच्या दराने ४,०५० रुपये. पथक गावातून निघून गेल्यावर हा आकडा बदलणं कठीण, समोर असताना दोन मिनिटांचं काम.

जनावरांची मदत पिकापेक्षा लवकर हातात पडते, पण कागद त्याच दिवशीचे लागतात. दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००; कोंबडीला नगामागे १००, जास्तीत जास्त १०,००० रुपये. मोठी दुधाळ तीन किंवा लहान तीस अशी एरवी मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२५ च्या अतिवृष्टीच्या पॅकेजमध्ये तीन जनावरांची मर्यादा काढली होती. वीज पडून बैल मेला तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवा, शवविच्छेदनाचा दाखला घ्या. आणि कानातला बिल्ला. १ जून २०२४ पासून बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराला नैसर्गिक आपत्तीत मदत मिळत नाही. बिल्ले मारायला पशुवैद्यक गावात येतात तेव्हा कान दुखतो म्हणून जनावर मागे घेणारे लोक आहेत. त्यांना हे समजावून सांगा. पुरात जनावर वाहून गेलं तर शव मिळत नाही, तेव्हा बिल्ल्याची ऑनलाइन नोंद हाच जनावर तुमचं होतं याचा सर्वांत भक्कम पुरावा राहतो. बिल्ल्याचे क्रमांक गोठ्यात न ठेवता घरातल्या वहीत लिहून ठेवा.

माणूस दगावला तर वारसांना चार लाख रुपये. वीज पडली किंवा पुरात मृत्यू झाला, तर दुःखात शवविच्छेदन नको असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. पण तो अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा नसेल तर प्रस्ताव उभाच राहत नाही. गावातल्या शहाण्या माणसाने हे त्या कुटुंबाला हळुवारपणे, पण त्याच वेळी सांगायला हवं.

घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये. किमान १५ टक्के पडझड झाली तर पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,०००. पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त घरात राहिलं किंवा घर वाहून गेलं तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० वेगळे. इथे अडते ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची, म्हणजे घरांच्या मालकीच्या आणि घरपट्टीच्या यादीतली नोंद. घर आजोबांच्या नावावर, राहतो नातू, घरपट्टी भरतो काका. मग रक्कम कोणाच्या खात्यावर टाकायची यावर फाइल पडून राहते.

जमिनीसाठी वेगळी मदत आहे आणि ती मागायचं अनेकांच्या लक्षातच येत नाही. वाळू-गाळाचा थर तीन इंचांपेक्षा जास्त साचला तर काढण्यासाठी हेक्टरी १८,०००. नदीने पात्र बदलून जमीनच खरडून नेली तर हेक्टरी ४७,०००. दोन्ही अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी. पांझरा, गिरणा, तापीकाठच्या लोकांनी पिकाच्या पंचनाम्यासोबतच जमिनीचा वेगळा पंचनामा मागावा. गाळाची जाडी फुटपट्टी लावून, तीच फोटोत दिसेल अशी मोजा. २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं आणि गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,००० रुपये होते. तशी घोषणा पुन्हा झाली तर यादीत नाव येण्यासाठी मूळ पंचनाम्यात जमीन आणि विहीर दोन्हींची नोंद असावी लागेल.

पंचनाम्यानंतर यादी तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे आणि पुढे मदत व पुनर्वसन विभागाकडे जाते. निधीचा शासन निर्णय निघाला की तहसील नावं पोर्टलवर चढवतं आणि प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. यादी ग्रामपंचायतीत लागते. तो क्रमांक आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा द्यायचा. अंगठ्याआधी पडद्यावर नाव, गट, क्षेत्र, रक्कम दिसते. ती वाचा, नाहीतर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. चूक असेल तर तिथेच तक्रारीचा पर्याय निवडा. ती परत तहसीलदारांकडे जाते. एकदा मान्य करून अंगठा दिला की पुढचं सगळं अवघड होतं. ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक तयार आहे त्यांना २०२५ मध्ये अंगठ्याच्या या फेरीतून सूट मिळाली. तो क्रमांक काढलेला असेल तरी आपले सगळे गट त्याला जोडले गेलेत का, हे तपासा. दुसऱ्या तालुक्यातला गट हटकून सुटलेला असतो.

पैसे जमा झाल्याचं सांगतात आणि पासबुकात काही नाही, अशी तक्रार दर वेळी येते. पैसे आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी असंख्य बायकांनी पोस्टाच्या बँकेत नवीन खाती उघडली. जमीन तिच्या नावावर असेल तर पिकाची मदत त्या खात्यात पडलेली असू शकते, आणि घरचे जिल्हा बँकेत चकरा मारत राहतात. मायआधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची, म्हणजे आधारला जोडलेल्या बँकेची, स्थिती पाहिली की बँकेचं नाव कळतं.

बँकेने आलेली मदत थकीत कर्जाला वळवली तर शाखाधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. मदतीच्या शासन निर्णयात या रकमेतून वसुली करू नये, असं कलम असतं; त्या पानाची प्रत जोडा आणि एक प्रत जिल्हा अग्रणी बँकेला पाठवा. तोंडी भांडून काही होत नाही.

सामायिक सातबाऱ्यावर सगळ्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. एक भाऊ सुरतेला, बहीण सासरी, दोघांच्या सह्या आणायला महिना जातो आणि तोवर पहिली यादी निघून जाते. दिवाळीत सगळे घरी असतात तेव्हा कोरं नव्हे, गट क्रमांक लिहिलेलं संमतीपत्र करून घ्या. खातेदार वारले असतील तर वारस नोंद आधी, मदत नंतर. बटाईने (वाट्याने) किंवा नफ्याने (ठरावीक रक्कम देऊन) दुसऱ्याचं शेत कसणाऱ्याचा सगळा खर्च बुडतो आणि पैसे मात्र मालकाच्या खात्यात जातात. कायद्याने त्याच्या हाती काही येत नाही. हंगामाच्या सुरुवातीलाच, मदत आली तर कोणाला किती, हे दोन साक्षीदारांसमोर लिहून घेणं एवढंच त्याच्या हातात आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर वनपट्टे, म्हणजे वनहक्काने मिळालेली जमीन, असणाऱ्यांनी पट्ट्याच्या प्रमाणपत्राची प्रत पथकाच्या हातात द्यावी. त्यांचं नाव नेहमीच्या सातबाऱ्याच्या यादीत शोधलं तर सापडणार नाही आणि कोणी आपणहून शोधायला जाणार नाही.

विमा ही या मदतीपेक्षा पूर्ण वेगळी गोष्ट आहे. एक मिळाली म्हणून दुसरी थांबत नाही. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला आणि साध्या पिकांची भरपाई मंडळातल्या उत्पादनाच्या आकड्यांवर ठरू लागली. त्या हंगामात आपल्या एका वावराचं नुकसान कळवून कापसाचा किंवा मक्याचा दावा होत नव्हता. केळीचा हवामान आधारित फळपीक विमा मात्र वेगळा: वेगाचा वारा किंवा गारपीट झाली तर ७२ तासांच्या आत कळवावंच लागतं, १४४४७ वर किंवा अ‍ॅपवर, आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा लागतो. थंडी आणि उन्हाचे ट्रिगर, म्हणजे भरपाई लागू होण्याच्या तापमानाच्या मर्यादा, मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावर आपोआप मोजले जातात, त्यासाठी तक्रार लागत नाही. अटी हंगामागणिक बदलतात, म्हणून हप्ता भरतानाच त्या वर्षीची माहितीपत्रिका मागून घ्या.

यादीत नाव नाही, किंवा रक्कम कमी आहे, तर पहिला अर्ज तहसीलदारांना, पोचेसह. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्काने दोनच कागद मागा: तुमच्या गटाच्या पंचनाम्याची प्रत आणि गावाच्या अंतिम यादीचं तुमचं पान. त्यांना तीस दिवसांची मुदत आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की क्षेत्र कुठे कमी झालं, बागायतचं कोरडवाहू कुठे झालं, हे दिसतं. दुसरा अर्ज मग त्या एका ओळीवर करायचा.